पास्कलचा घसरता सूर

लेकीने गिटार खाली ठेवली, कपाळावर आलेले केस मागे सारले आणि विचारलं, "कसं वाटलं, मम्मी?" आणि ब्रिजिता लोपीस धडधडीत खोटं बोलली.

"सुंदर! फारच सुंदर!"

नेरिसाचा चेहरा असा काही फुलला की ब्रिजिताला वाटलं, हे एवढं खोटं देव नक्की पोटात घालील. पोरीने धावत येऊन तिला मिठी मारली. तिच्या खांद्यावरून ब्रिजिताने दाराकडे पाहिलं. दारात पास्कल उभा होता, आणि आपली बायको थाप मारते आहे हे त्याला पुरतं कळलेलं दिसत होतं.

खरी गोष्ट अशी, की ब्रिजिताला सुंदर असं काहीच ऐकू आलं नव्हतं. तापल्या तेलात मूठभर मोहरी टाकावी तसं तड तड तड तड झालं होतं आणि मग मोहरी संपली होती.

नेरिसा पाळण्यात होती तेव्हा ब्रिजिताला मेंदूज्वर झाला होता. त्यातून जीव वाचला, पण दोन्ही कान गेले. वसईजवळच्या भुईगावातल्या त्या वाडीत केळी पिकत राहिली, मोगरा फुलत राहिला, फुलं न्यायला टेम्पोच्या जागी ड्रोन येऊ लागले, पण ब्रिजिताला यातलं काही ऐकू आलं नाही. ती ओठ वाचायला शिकली. पुढे बोललेलं भिंगावर लिहून दाखवणारे चष्मे निघाले आणि तिचं पुष्कळ सोपं झालं. बाजारातली घासाघीस, फादरांचं प्रवचन, शेजारणींच्या चहाड्या, सगळं ती वाचू लागली. फक्त नेरिसा गिटार घेऊन बसली की चष्म्यावर एकच शब्द उमटायचा, 'संगीत'. पोरीने तासभर वाजवलं तरी शब्द तेवढाच.

आणि नेरिसा तर वाजवण्यात नाव काढलेली. वसईपासून गोव्यापर्यंत इतकी वेगवान बोटं दुसऱ्या कुणाची नाहीत, असं तिचे चाहते म्हणत. तिचे व्हिडिओ हळू करून पाहावेत तेव्हा कुठे बाकीच्या वादकांना ती काय करते ते उमगे. ब्रिजिताने हे कौतुक आजवर डोळ्यांनीच केलं होतं. आता कानांनी करायची वेळ आली, तर ही मोहरी!

ऐकू यावं म्हणून केलेली शस्त्रक्रिया मुंबईच्या एका संशोधन रुग्णालयात झाली होती. पावसाळ्यात झाली, आणि दिवाळी उलटेपर्यंत ब्रिजिता पास्कलशी चष्म्याशिवाय दोन-चार वाक्यं बोलू लागली. आवाज खरखरीत, पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे यायचे, पण शब्द कळायचे. तिच्या कानांची काळजी घेणाऱ्या डॉक्टर शर्वाणी केळुसकर तिच्यावर खूश होत्या. त्या महिन्याच्या तपासणीला नेरिसाही बरोबर आली होती.

"बोलणं छान जमतंय," डॉक्टर म्हणाल्या. "सुरांचं मात्र अवघड दिसतं. असं बघा, कानात आत गोगलगाईच्या शंखासारखा एक भाग असतो. त्यात सगळे सूर ओळीने मांडलेले असतात, पेटीच्या पट्ट्यांसारखे. ऐकण्याचं जुनं यंत्र आम्ही त्या शंखात बसवायचो. पण तुमचा शंख तापानंतर हाडाने भरून गेला. म्हणून आम्ही त्याच्या पुढे जाऊन थेट मज्जातंतूत बारीक सुया बसवल्या. आता हा मज्जातंतू असतो दोरीसारखा पिळलेला. कुठली सुई कुठल्या सुराच्या धाग्याला टेकली, ते आधी सांगता येत नाही. संगणक अंदाज बांधतो, पण तो अंदाजच. थोडक्यात, पेटी तुमचीच आहे, पण कुणीतरी तिच्या पट्ट्या उपसून, डोळे मिटून परत बसवल्यात."

"मग बोलणं कसं कळतं मला?"

"बोलण्याला थोड्या पट्ट्या पुरतात. गाळलेल्या जागा मेंदू सवयीने भरतो. संगीतात मात्र कुठल्या सुराच्या शेजारी कोण राहतं, हे माहीत असावं लागतं." डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. "आता एक निर्णय घ्यायचाय. या सगळ्या सुयांचे मोजके गट करून टाकता येतील. मग बोलणं लख्ख ऐकू येईल, चष्मा कायमचा सुटेल. पण सूर जातील. आणि मेंदू एकदा गटांना सरावला, की त्याला मागे फिरवणं जवळजवळ अशक्य. नाताळच्या आधी मला सांगा."

ब्रिजिता लगेच हो म्हणणार होती. मोहरी गेली तर जाऊ दे की! पण तिने तोंड उघडण्याआधीच नेरिसा उसळली.

"गट अजिबात नकोत, डॉक्टर! मम्मीला माझं वाजवणं किती आवडतं ठाऊक आहे? परवा ऐकताना डोळ्यांत पाणी आलं होतं तिच्या."

डॉक्टरांनी समोरच्या पडद्यावर तपासणीचे आकडे पाहिले, मग ब्रिजिताकडे पाहिलं. "खरंच? आमच्या चाचणीत तर दोन सुरांतला वरचा कुठला, हेही तुम्हाला…"

ब्रिजिताला एकदम जोराचा खोकला आला.

परतताना गाडीत तिच्या मनात हाच हिशोब चालला होता. खरं सांगावं तर पोरीचं मन मोडणार. न सांगावं तर पोरीखातर जन्मभर चष्मा आणि मोहरी. घरी आल्यावर तिने पास्कलला विचारलं, "काय करू रे?" पास्कल म्हणाला, "मला नको विचारू. मी तिला एकदा खरं सांगितलं होतं की हळू वाजव. महिनाभर बोलली नव्हती माझ्याशी."

या गोष्टीला आठवडा झाला असेल. दुपारची वेळ होती. नेरिसा शिकवणीला गेली होती, आणि ब्रिजिता अंगणात सुकेळी उलटत बसली होती. पिकलेली केळी सोलून उन्हात वाळवायची, म्हणजे त्यांची मधासारखी सुकेळी होतात. नाताळला सगळ्या पाहुण्यांना द्यावी लागतात. मागे पडवीत पास्कलने माळ्यावरून आपली जुनी गिटार काढली होती. देवळातल्या, म्हणजे गावच्या चर्चमधल्या, मुलांना नाताळच्या नाटकासाठी एक गिटार हवी होती, तर ही द्यावी असं त्याने ठरवलं होतं. तारा अजून बोलतात की नाही, ते तो पाहत होता.

तरुणपणी पास्कल लग्नाच्या बँडमध्ये मागच्या रांगेत वाजवायचा. बोटं जाड. गिटारीच्या दांडीवरच्या एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर उडी मारणं त्या बोटांना कधी जमलं नाही. ती आपली तारेवरून घसरत घसरत मुक्कामाला पोचायची. नेरिसा बारा वर्षांची असताना हसून म्हणाली होती, "पप्पा, तुम्ही सुरापर्यंत चालत का जाता?" त्यानंतर त्याने गिटार माळ्यावर टाकली ती आज काढत होता.

त्याने तार छेडली आणि बोट सरकवलं.

ब्रिजिताच्या हातातलं केळं हातातच राहिलं. तिच्या डोक्यात एक आवाज उठला आणि चालायला लागला. आजवर ऐकलेले सगळे आवाज इथे एक, तिथे एक असे पडायचे, खिळ्यांचा डबा सांडावा तसे. हा आवाज एका जागेवरून निघाला, चढाव चढला, वर जाऊन जरासा थरथरला आणि तिथेच थांबून राहिला. तो कुठून निघाला आणि कुठे पोचला, हे तिला समजलं होतं.

ती चिकट हातांनीच पडवीत धावली.

"काय केलंस आत्ता?"

पास्कल दचकला. "त्रास झाला का? ठेवतो, ठेवतो."

"ठेवतोस कुठे? परत वाजव!"

त्याने परत वाजवलं. ती खांबाला टेकून बसली. "खाली ये आता," ती म्हणाली. तो खाली आला. "हळू. अजून हळू." मग ती एकदम हसायला लागली, आणि बायकोला असं हसताना पास्कलने फार दिवसांत पाहिलं नव्हतं.

गिटार काही देवळात गेली नाही. नाटकासाठी त्याने मुलांना नवी घेऊन दिली, आणि जुनी वाडीतल्या केळी बांधायच्या शेडमध्ये नेऊन ठेवली, नेरिसाच्या नजरेआड. दुपारी पोरगी बाहेर पडली की दोघं तिकडे पळायची. पास्कलला यायची पाच-सहा गाणी, तीही लग्नाच्या बँडमधली. पण ब्रिजिताला घाई कुठे होती? एकेका ओळीवर दुपार जायची. कुठे पास्कल तार ओढून सूर वाकवायचा, कुठे एक सूर धरून ठेवायचा आणि दुसरा लागायच्या आधी उगाच थांबायचा. त्या थांबण्यात ब्रिजिताला पुढचा सूर कुठे असेल याचा अंदाज यायला लागला, आणि तो बरोबर निघाला की ती मांडीवर थाप मारायची. एके दिवशी तिने त्याला मध्येच थांबवलं.

"हे तू माझ्या बहिणीच्या लग्नात वाजवलं होतंस. मी करवली होते, आणि तू नवरीकडे बघायचं सोडून माझ्याकडे बघत होतास."

"बँडमास्तरने शिव्या घातल्या होत्या त्यावरून," पास्कल म्हणाला आणि गिटारीवर मान खाली घालून बराच वेळ तारा पुसत बसला.

नेरिसाला संशय आला नसता तरच नवल. दुपारची घरी लवकर आली की आई-बाप गायब. विचारलं तर आई म्हणायची, "केळी बघायला गेलो होतो," आणि लाजायची. केळी बघून कुणी लाजतं का? शेवटी एका दुपारी ती मागोमाग गेली. शेडच्या दाराशी तिला गिटार ऐकू आली, आणि आत पाहिलं तर आई डोळे मिटून, मान हलवत बसलेली.

"पप्पा!" नेरिसाला हसू आवरेना. "अहो, तार उतरलीय तुमची! अर्धा सूर खाली आहे. मम्मी, तू हे ऐकतेयस कशी?"

"मला आवडतं," ब्रिजिताच्या तोंडून निघून गेलं. "मला कळतं ते."

नेरिसाचं हसू जिरलं. पोरगी हुशार होती. "आणि माझं?"

ब्रिजिताने पास्कलकडे पाहिलं. पास्कल छपराकडे पाहत होता.

"मोहरी तडतडल्यासारखं वाटतं," ब्रिजिता म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. मी खोटं बोलले, बाळा. मला वाटलं, इतक्या वर्षांनी आईला ऐकू यायला लागलं, आणि ती म्हणणार की मोहरी…"

नेरिसा दारातून आत आली. मग तिने बोलायला सुरुवात केली ती खाली बघून. आईला ओठ दिसावेत म्हणून तिने मान वर केली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

"मी एवढ्या वेगाने का वाजवायला लागले, माहीत आहे? तुला ऐकू यायचं नाही म्हणून. लहानपणी मी हळू काही वाजवलं की तू चष्मा पुसायला लागायचीस, नाहीतर पप्पांना काहीतरी विचारायचीस. बोटं पळाली की टाळ्या वाजवायचीस. मग मी ती पळवत गेले. तुला *दिसावं* म्हणून."

एवढं बोलून ती निघून गेली. त्या दिवसानंतर घरात गिटार वाजली नाही. ब्रिजिता दोनदा पोरीच्या खोलीच्या दारापर्यंत जाऊन आली. पोरीने आपल्या हौसेसाठी वेग कमावला असं ती समजत होती. तो वेग म्हणजे पोरीने आईशी बोलायला शोधलेली भाषा होती, हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मात्र नेरिसाने न बोलता गाडी काढली. रुग्णालयात डॉक्टर केळुसकरांनी नेहमीची चाचणी घेतली. दोन सूर वाजवायचे, वरचा कुठला ते विचारायचं. चाचणी झाल्यावर त्यांनी आकडे पाहिले आणि यंत्र बिघडलं असं समजून ती पुन्हा घेतली.

"मधल्या पट्टीतले सूर तुम्ही सरळ ओळीने लावताय! काय केलंत काय तुम्ही?"

ब्रिजिताने नवऱ्याकडे बोट दाखवलं. पास्कल चोर सापडावा तसा उभा राहिला.

सगळं ऐकल्यावर डॉक्टर आनंदाने खोलीभर फिरू लागल्या. "अहो, बरोबर आहे! भरधाव गाडीतून गल्ली बघितली तर नुसते दिवे दिसतात. पायी चाललात तर कुणाच्या शेजारी कोण राहतं ते कळतं. तुमचा सूर घसरत जातो तेव्हा तो एका सुईवरून तिच्या खऱ्या शेजारणीवर जातो, तिथून पुढच्या शेजारणीवर. मेंदू ती ओळख लक्षात ठेवतो. उपसलेल्या पट्ट्या तो स्वतःच जागच्या जागी लावतोय!"

"मग हे काम संगणकालाच द्या की," नेरिसा कोरडेपणाने म्हणाली. "अगदी अचूक घसरेल."

डॉक्टरांनी लगेच संगणकावर तळापासून टोकापर्यंत सरकणारे सूर तयार करून लावले. थोड्याच वेळात ब्रिजिताला जांभया येऊ लागल्या, मग डोकं दुखू लागलं. पुन्हा चाचणी घेतली तर आकडे तसूभर हलले नव्हते.

"मेंदूही आपल्यासारखाच असतो," डॉक्टर म्हणाल्या. "ज्याच्याशी कर्तव्य नाही ते त्याच्या लक्षात राहत नाही. पुढे काय होईल याची उत्सुकता असली तरच त्याच्यातल्या वाटा बदलतात. लोपीसकाका, आता हेच वरच्या आणि खालच्या पट्टीत वाजवा. तिथल्या सुयाही जाग्या व्हायला हव्यात."

पास्कल ओशाळला. "मला मधलंच येतं, डॉक्टर. वरती बोटं अडकतात माझी."

मग नेरिसाने सुस्कारा सोडला. "मला येतं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गिटार घेऊन आईसमोर बसली. चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. तिने तळापासून टोकापर्यंत सूर सरकवला, कुठे ओरखडा नाही, कुठे झोल नाही.

"कसं आहे?"

ब्रिजिताने या वेळी खरं सांगायचं ठरवलं होतं. "लिफ्टसारखं. गुळगुळीत वर जातं. पण आत बसलेल्याला काही दिसत नाही."

"मग काय करू? पप्पांसारखं बेसूर वाजवू?"

"बेसूर कशाला? मला काहीतरी सांग ना."

"काय सांगू?"

"माझ्यावर चिडली आहेस ना? तेच सांग."

नेरिसाने आईकडे पाहिलं आणि सगळ्यात जाड तारेवर बोट दाबलं. सूर खालून उठला, गुरगुरत वर आला, मध्येच अडला, तिथे तिने तार अशी ओढली की तो वाकून अगदी तुटायच्या बेताला आला. मग तिने तो सोडून दिला. पुढचा सूर यायला वेळ लागला. आला तो फार बारीक होता आणि कापत होता.

आजवर ब्रिजिताने लेकीचे शब्द वाचले होते. 'ठीक आहे', 'काही नाही झालं', 'जाऊ दे', सगळे एकाच मापाच्या अक्षरांत. त्या 'काही नाही झालं'च्या मागे पोरीचा आवाज कधी चढला, कधी कापला, हे चष्म्याने कधी लिहिलं नव्हतं.

"हा पहिला राग होता," ती म्हणाली. "आणि नंतरचं… ते रडू होतं का?"

नेरिसाने मान डोलावली.

"आणि मध्ये थांबलीस ते?"

"ते 'जाऊ दे, मम्मीला काय सांगायचं' असं होतं."

"ते तर फारच स्पष्ट ऐकू आलं!" ब्रिजिता म्हणाली, आणि दोघींना एकदम हसू फुटलं. नेरिसाने हसता हसताच एक तिरका, नाक मुरडल्यासारखा सूर काढला. ब्रिजिताने तोंडाने तसाच सूर काढून उत्तर दिलं, तो भलतीकडेच गेला, आणि पास्कल बाहेरून विचारत आला, की मांजर अडकलंय का कुठे.

मग रोज सकाळी मायलेकी गिटारीवर भांडू लागल्या. कधी उशिरा उठण्यावरून, कधी लग्नाच्या विषयावरून. नेरिसा तारांवर कुरकुर करायची, टोमणा मारायची, लाडात यायची, आणि ब्रिजिता ओळखायची. नेरिसाला आधी वाटलं होतं की आईसाठी आपण सोपं करून वाजवतो आहोत. थोड्याच दिवसांत तिला कळलं की आजवर वाजवलेल्यात हेच सगळ्यात अवघड आहे. सूर किती वेळ धरायचा, कुठे सोडायचा, याला तिच्या कमावलेल्या वेगाचा काहीच उपयोग नव्हता. एकदा ती बापाजवळ जाऊन बसली. "पप्पा, तुम्ही वर पोचल्यावर तो सूर थरथरवता ना, तो कसा?"

"मला काय ठाऊक?" पास्कल गोंधळून म्हणाला. "पोचल्याचा आनंद होतो, म्हणून बोट हलतं."

नाताळच्या आधी ब्रिजिताने डॉक्टरांना कळवून टाकलं की गट नकोत. चष्मा अजून काही महिने लागेल, लागू दे. आणि गंमत म्हणजे सूर जसजसे जागच्या जागी बसत गेले, तसतसं बोलणंही उलगडत गेलं. आता शेजारीण "या ना जेवायला" म्हणाली, तर ती मनापासून म्हणते की उगाच, हे ब्रिजिताला कळू लागलं. काही वेळा ते न कळलेलंच बरं होतं, असंही तिला वाटे.

एका सकाळी नेरिसाने तिला आपलं ते जुनं भरधाव वाजवणं पुन्हा ऐकवलं. ब्रिजिताला सगळे सूर ओळीने ऐकू आले, एकही मोहरी सांडली नाही. "आता कळलं," ती म्हणाली. "चांगलं आहे, बाळा. पण एवढं सगळं एका दमात सांगितलंस, तर मी उत्तर कधी देऊ?" नेरिसाने हसून गिटारीवर कपाळ टेकवलं.

फेब्रुवारीत डॉक्टर केळुसकरांचा निरोप आला. जालन्याच्या एका बाईंना तसंच यंत्र बसवलं होतं, सुलोचना खरात नावाच्या, शाळेत खेळ शिकवणाऱ्या. त्यांना खिळे सांडल्यासारखं ऐकू येत होतं. लोपीस कुटुंबाला रुग्णालयात यायला जमेल का?

पास्कलने लग्नासमारंभातला कोट चढवला. नेरिसाने दोन्ही गिटारी गाडीत ठेवल्या, आणि बापाची तार नीट जुळवायला हात पुढे केला, पण मग तशीच राहू दिली. ब्रिजिता त्या दोन गिटारींच्या मध्ये बसून आली.

खरातबाई खुर्चीत ताठ बसल्या होत्या, परीक्षक बसावा तशा. ब्रिजिताने त्यांना सांगितलं, "समजून घ्यायला जाऊ नका. नुसतं मागोमाग जा." पास्कलने तार छेडली आणि बोट सरकवलं. एकदा, दोनदा, तीनदा. खरातबाईंच्या कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. त्यांचा हात मांडीवरून उठला आणि सुराबरोबर हवेत वर चढायला लागला, आपण काय करतो आहोत याचं भान नसल्यासारखा.

"अजून वर," त्या पुटपुटल्या. "अजून वर घ्या ना, भाऊ."

पास्कलचं जाड बोट जिथवर जात होतं तिथवर गेलं आणि अडकलं. तो घाबरून लेकीकडे बघू लागला. नेरिसाने आपल्या गिटारीवर नेमका तोच सूर घेतला, बापाच्या सुराखाली हलकेच आणून लावला आणि वर चढवत नेला, कुठेही घाई न करता.

खरातबाईंचा हात चढतच राहिला. त्यांना काही कळलं नाही. पण ब्रिजिताला बाप कुठे संपला आणि लेक कुठे सुरू झाली ते अगदी स्पष्ट ऐकू आलं.